कोऱ्या नळीतली रेघ

प्रयोगशाळेत तिला सगळे ‘काटेकोर’ म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. पिपेटचं टोक टेबलाला जरा लागलं की ते फेकायचं, मग कितीही घाई असो, हा तिचा खाक्या. तिचं काम यकृताच्या कर्करोगावर. हेपटायटिस बीचा विषाणू आपल्या डीएनएचा एखादा तुकडा यकृताच्या पेशीच्या डीएनएत घुसवून देतो. बहुतेकदा त्याने काही बिघडत नाही. पण तो तुकडा नेमका पेशीला म्हातारं होऊ न देणाऱ्या जनुकाशेजारी पडला, तर ते झोपलेलं जनुक जागं होतं, आणि पेशी थांबायचं विसरते. अनोळखी माणसांच्या गाठींमध्ये असे तुकडे शोधण्यात तिची कितीतरी वर्षं गेली होती.

चाचणी लावताना रुग्णांच्या नमुन्यांशेजारी एका निरोगी माणसाचं रक्त लागे. त्याला ते ‘कोरी नळी’ म्हणत. पडद्यावर विषाणू सापडलेल्या रुग्णांच्या रेघा वर चढायच्या, कोऱ्या नळीची तळाशी आडवी पडून राहायची. हे रक्त कायम एकाच धट्ट्याकट्ट्या सहकाऱ्याचं असे, म्हणून त्याचं नाव पहिलवान. तो लांब सुट्टीवर गेला आणि त्याच्या रक्ताचा साठाही संपला, तेव्हा काटेकोरने आपला दंड पुढे केला.

तिची रेघ चढली.

“कुठेतरी घाण गेली,” ती पुटपुटली.

तिने पाणी बदललं, रसायनं बदलली, टेबल पुसून काढलं, ताजं रक्त दिलं. नुसत्या पाण्याच्या नळीची रेघ तळाशी शांत पडून राहिली. तिची पुन्हा चढली. ती तिसऱ्यांदा टेबल पुसायला लागली तेव्हा प्रयोगशाळेचे प्रमुख सर मागे येऊन उभे राहिले.

“पाणी स्वच्छ आहे?”

“हो.”

“मग घाण कसली शोधतेस? डॉक्टरांकडे जा.”

“सर, मी लस घेतलीय. इथे लागले तेव्हाच.”

“लस द्यायच्या आधी तुझं रक्त तपासलं होतं कुणी?”

तपासलं नव्हतं. लस नव्या पाहुण्याला दारात अडवते. आधीच घरात मुक्काम ठोकलेल्याला ती बाहेर काढत नाही, हे ती स्वतःच विद्यार्थ्यांना शिकवायची. इतकी वर्षं काही त्रास न देता राहिलेला विषाणू बहुधा जन्मताच आलेला असतो, आईकडून. इथवर विचार आला आणि तिने हातमोजे काढले. कारण धाकटी बहीणही त्याच आईची, आणि धाकटीला नववा लागला होता.

धाकटी बाळंतपणासाठी आईकडे आली होती. ती पाय उशीवर ठेवून पडली होती आणि आई शेजारी दुपट्यांच्या घड्या घालत होती. काटेकोरने सगळं सरळ सांगून टाकलं.

“माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत, ताई.”

“ही तपासणी झाली होती?”

“मध्ये डॉक्टर बदलले ना. राहिली असेल.” तिने तोंड फिरवलं. “आता मला काही ऐकायचं नाहीये. बाळ झालं की बघू.”

“तेव्हा उशीर होईल गं. बाळाला पहिल्या काही तासांत टोचावं लागतं. लसीबरोबर आणखी एक इंजेक्शन असतं, ते आधीच आणून ठेवायला हवं. वेळेवर टोचलं तर बाळ बहुतेक वाचतंच यातून.”

आईचे हात थांबले. “म्हणजे मीच दिलं तुम्हाला.”

“तुला तरी कुठे ठाऊक होतं, आई?”

धाकटी कोपरावर भार देऊन उठून बसली. “कानातले मागितले तर वर्षभर टोलवतेस, आणि हे न मागता दिलंस होय?”

“कार्टे,” आई म्हणाली. तिला हसूही आलं आणि डोळेही पुसावे लागले.

धाकटीने बाही वर केली. “घे, टोच. हळू टोच पण.”

“मी नाही. दवाखान्यात. चल, चप्पल घाल.”

विषाणू तिघींकडे निघाला. तिघींची यकृतं मात्र अजून धड होती. काटेकोरला आणि आईला नियमित तपासणी लागली. धाकटीच्या रक्तात विषाणू फार होता, तिच्या गोळ्या त्याच दिवशी सुरू झाल्या.

बाळंतपणाच्या खोलीबाहेर काटेकोर येरझाऱ्या घालत होती. नर्स बाहेर येताच तिने विचारलं, “लस?”

“दोन्ही मांड्यांना टोचलंय. आणि मुलगी आहे, तुम्ही विचारलं नाहीत म्हणून सांगते.”

पुढचे डोस झाले, दात आले, रांगणं सुरू झालं, तरी खरी परीक्षा बाकीच होती. मुलीचं रक्त दवाखान्यात तपासायला दिलं त्या आठवड्यात काटेकोरने दोनदा चुकीच्या बाटलीचं झाकण उघडलं, आणि पहिलवानाने ते सगळ्यांना सांगितलं. अलीकडे तो तिच्यावर खारच खाऊन होता. लसीआधी रक्त तपासायचा नवा नियम तिने सरांच्या मागे लागून करून घेतला होता, आणि त्याच्यासारख्या जुन्यांनाही त्यातून सोडलं नव्हतं.

निकाल घ्यायला तिला धीर झाला नाही. धाकटीच घेऊन आली, थेट प्रयोगशाळेच्या दारात, मुलीला कडेवर घेऊन.

“विषाणू नाही,” ती म्हणाली. “आणि लस लागू पडलीय.”

काटेकोर स्टूल ओढून बसली. मुलीने तिच्या चष्म्याकडे झेप घेतली.

“तुम्हाला इथे कोरी माणसं लागतात ना, ताई? ही घे.”

“हिला नको,” काटेकोर म्हणाली. चष्मा केव्हाच मुलीच्या तोंडात गेला होता, आणि टेबलाला लागलेलं पिपेटचं टोक फेकणाऱ्या काटेकोरने तो तसाच राहू दिला. “हिला बिचारीला पुरेसं टोचलंय. आम्हाला पहिलवान आहे.”