टिटवीला कंठ फुटला

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या प्रफुलने खपून एक खेळयंत्र केलं होतं. हातात धरता येईल असं यंत्र ते नव्हतंच. कॉम्प्युटरवर उघडायचं, पण आव असा, जणू आपण लहानपणीचा व्हिडिओ गेमच लावलाय. ठोकळ्या-ठोकळ्यांची चित्रं, मोजके रंग आणि पिंक-पिंक आवाज. नाव ठेवलं 'टिटवी'. आतली सगळी मांडणी खुली. कुणीही यावं, त्यात आपला खेळ रचावा.

सगळ्यांत देखणा खेळ रचला दीपिकाने. ती कॉलेजात त्याच्या वर्गातली. गाव हेमलकशाच्याही आत. तिच्या खेळातली मुलगी अस्वलाला चुकवत मोहफुलं वेचायची. एकदा तिचा फोन आला.

"प्रफुल, खेळ सरला का गावात नाच लागते. तिथं मले सोमारी आत्याचा रेला पाहिजे. खराखुरा, ढोलासकट."

"टिटवीत रेल्याचं गाणं? नाई जमत. तिची मजाच थोडक्यात आहे ना!"

"चित्रं राहू दे थोडक्यात. पण आत्याचा गळा मी पिंक-पिंक कसा करू, सांग."

प्रफुलने घुश्श्यातच फोन ठेवला. टिटवीचा पिंडच बदलायला निघाली ही! पण दीपिका त्याच्या होकारासाठी थांबली नाही. तिने आवाजाचा भाग स्वतःच लिहायला घेतला.

पहिल्या प्रयत्नात गाणं सुरू होताच चित्रं जागच्या जागी थिजली. प्रफुलला मनातून बरंच वाटलं. "सांगतलं होतं का नाई?"

"पूर्ण गाणं एकदम गिळायले लावलं मी तिले," दीपिका हसली. "आता घास-घास देईन."

आणि दिवाळीनंतर तिने त्याला गावी बोलावलं.

लोक धानाच्या कापणीवरून परतले होते. अंगणात बाजेवर दीपिकाचा जुनाट लॅपटॉप, शेजारी स्पीकर. तिचे वडील लालसू आणि आत्या सोमारी पुढ्यात बसले. दीपिका खेळू लागली. अस्वल मागे लागलं तशी टिटवी नेहमीसारखी पिंक-पिंक वाजली. टोपली भरली, ठोकळ्यांची माणसं फेर धरू लागली आणि ढोल घुमला. थापेमागची कातड्याची थरथरसुद्धा ऐकू येत होती. त्यावर सोमारीचा आवाज चढला, श्वासासकट. चित्र कुठे अडखळलं नाही.

सोमारी आधी दचकली. मग तिने स्वतःच्याच ओळीला ओळ जोडली. मागच्या बायकांनी रेला उचलला. लालसूभाऊ मांडीवर ठेका धरत म्हणाले, "माहा ढोल हाय हा!"

गलबला ओसरल्यावर प्रफुलने दीपिकाचं काम उघडून वाचलं. एक घास वाजतो तोवर दुसरा तयार, वाजलेला लगेच बाजूला. जुन्या आवाजाच्या एका ओळीलाही तिने धक्का लावला नव्हता. कुणाचाच जुना खेळ बिघडणार नव्हता. तो स्वतः असता तर सगळी टिटवी मोडून पुन्हा बांधत बसला असता.

"काय पाहून राह्यला येवढं?" दीपिकाने विचारलं.

"वाचून राह्यलो. मले हे सुचलं नसतं, दीपिका."

तिथेच बसून त्याने तिचं काम टिटवीत घेतलं, रचणाऱ्यांच्या यादीत आपल्या नावाशेजारी तिचं नाव लिहिलं. "आवाजाचा भाग इथून पुढं तूच सांभाळ."

"सांभाळीन," ती उद्यासाठी विळा काढून ठेवत म्हणाली. "पण धान निघू दे आधी."