फोटोतून पुसलेला खांब

मित्रांनो, रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या तलावावर तुम्ही कधी आला असाल, तर मला पाहिलं असेल. पण तुमच्या फोटोत मी असेनच असं नाही. मी एक जुना विजेचा खांब आहे. आणि आधीच सांगून टाकतो, मी एका झाडावर जळतो. लोखंडालाही पोटात दुखतं, हे तुम्हांला कोणी शिकवलं नसेल.

मी जन्माने खांब नव्हे. भट्टीतून बाहेर आलो तो रेल्वेचा रूळ म्हणून. धमतरीच्या छोट्या लाइनीवर आडवा पडून मी पुष्कळ गाड्या अंगावर घेतल्या. झिजलो तेव्हा मला उपटलं आणि भंगारात न टाकता या तलावाच्या काठी उभं केलं. डोक्यावर चिनी मातीच्या वाट्या बसवल्या, तारा ओढल्या. पहिल्यांदा दिवे लागले त्या संध्याकाळी सगळा मोहल्ला गोळा झाला होता. एका आजीबाईंनी तर मला हळदकुंकू लावलं. इतका मान मला पुन्हा मिळाला नाही.

त्याच सुमारास माझ्या पाठीमागे कोणीतरी अर्जुनाचं रोप लावलं. इथले लोक त्याला कौहा म्हणतात. तेव्हा ते माझ्या पायाशी होतं. बघता बघता ते माझ्या डोक्यावर गेलं आणि सगळं कौतुक खाऊन बसलं. पोरी त्याच्या बुंध्याला टेकून फोटो काढायच्या. मला कोणी टेकलं, की लगेच मागून आवाज यायचा, "अरे, करंट लगेगा!" उन्हाळी वादळात त्याचीच फांदी माझ्या तारेवर पडायची, बत्ती गुल व्हायची आणि लोक शिव्या द्यायचे मला. झाड मात्र पानं सळसळवत उभं. तुम्हीच सांगा, राग येणार नाही का?

तरी हे सगळं मी गिळलं असतं. पण मग रत्नाकरराव फोटो काढायला लागले.

रत्नाकरराव मूळचे वर्ध्याकडचे, रेल्वेच्या ऑफिसातून निवृत्त झालेले. तलावाचा काठ जिथे वळतो तिथे त्यांचं घर. त्यांच्या खिडकीच्या आणि माझ्या मध्ये पाण्याचा एक कोपरा आहे, आणि त्यावरून माझी तार थेट त्यांच्या घरात जाते. त्यामुळे तिथलं सगळं मला कळतं. निवृत्तीनंतर त्यांनी कॅमेरा घेतला, आणि त्यांच्या मुलीने, शर्मिष्ठाने, कॉम्प्युटरवर फोटो सजवायचं एक फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. ती नवा रायपूरला नोकरी करते. मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदी.

झालं, रोज सकाळी तोच उद्योग. खिडकीतून तलावाचा फोटो काढायचा आणि दुपारपर्यंत त्याला नटवायचं. तिरका काठ सरळ करायचा. काळोखा भाग उजळायचा. आभाळ निळं, पाणी त्याहून निळं, आणि कौहा? त्याची धुळकट पानं एका झटक्यात हिरवीगार.

"तलाव हाये का निळीची बादली?" त्यांच्या पत्नी सुशीलाबाई एकदा म्हणाल्या. "फुकटात भेटलं म्हणून किती रंग ओतता?"

"अवो, निसर्ग खुलून राहिला," रत्नाकरराव म्हणाले. "फक्त हा पोल मधात येऊन राहिला. तेले कसं काढू?"

शर्मिष्ठा खुर्चीमागून वाकली. "बाबा, पहले पेड़ का अच्छा हिस्सा चुनो, फिर उसी को खंभे के ऊपर घिसते जाओ."

तेव्हा कळलं मला, मित्रांनो. मला नुसतं पुसत नव्हते, माझ्या जागी त्या झाडाचीच पानं आणून चिकटवत होते! घिस, घिस, घिस. माझं डोकं गेलं, वाट्या गेल्या, धड गेलं. आणि ज्या विजेवर तो कॉम्प्युटर चालत होता, ती माझ्याच डोक्यावरून जात होती. अंगाचा तिळपापड झाला. पण खांबाने करायचं काय? उभं राहायचं.

पुढे एके दिवशी विजेची माणसं आली आणि माझ्या अंगावर लाल रंगाची फुली मारून गेली. तारा आता जमिनीखालून जाणार होत्या. म्हणजे खांब उपटणार. झाड राहणार, अर्थातच. मरणाचं मला फार वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की जाण्याआधी एका तरी फोटोत आपण असावं. एकाच. इतकी वर्षं उभा होतो, त्याची काही तरी खूण.

आणि संधी आली. इथल्या मराठी मंडळाची नव्या वर्षाची दिनदर्शिका निघायची होती, आणि तिच्यासाठी तलावाचा फोटो रत्नाकररावांकडे मागितला होता. त्या सकाळी पाणी अगदी स्थिर होतं. मी जमेल तितका ताठ उभा राहिलो.

"या बारीले पोल राहू द्या," सुशीलाबाई म्हणाल्या. "तो आता जाऊनच राहिला."

माझ्या तारा शहारल्या. पण रत्नाकररावांनी मान हलवली. "क्यालेंडरवर पोल? लोक हासतीन मले." आणि बसले घिसत. त्या दिवशी कौहा इतका डेरेदार झाला, की माझी त्याच्याकडे पाठ आहे याचंच मला समाधान वाटलं.

डिसेंबरात छापील दिनदर्शिका आल्या. मंडळाचे दिवाकरराव स्वतः गठ्ठा घेऊन आले, चहा घेतला आणि फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "रत्नाकरराव, काठावर पोल नाई, मंग पाण्यात कोणाचा पोल हाये?"

खोलीत सगळे फोटोवर वाकले. काठावर मी नव्हतो. तिथे नुसती पानंच पानं. पण खाली, त्या निळ्याशार पाण्यात, माझं प्रतिबिंब डोकं खाली करून उभं होतं. वाट्यांसकट, तारेसकट. रत्नाकरराव मला काठावरून पुसत बसले आणि पाण्यातून पुसायला विसरले.

शर्मिष्ठा पोट धरून हसली. रत्नाकररावांचा चेहरा पडला. "सगळे परत आणा," ते म्हणाले. "मी नीट करून देतो. पुन्हा छापू."

"काही नका छापू," सुशीलाबाई म्हणाल्या. "बत्ती गेली की तुम्ही आधी कोठं पाहता? खिडकीतून त्या पोलकडेच ना? मंग फोटोत काहून नाई पायजे तो?"

रत्नाकरराव उठून खिडकीशी आले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. कॅमेरा हातात नव्हता. त्या दिनदर्शिका तशाच घरोघरी गेल्या.

संक्रांतीच्या सुमारास क्रेन आली. तारा आधीच उतरवल्या होत्या. मला उपटून ट्रकमध्ये आडवं टाकलं, तेव्हा रत्नाकरराव कॅमेरा घेऊन काठावर आले होते. जो फोटो ते इतके दिवस घिसून घिसून बनवत होते, तो समोर आयता तयार होता. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला, पुन्हा खाली घेतला आणि फोटो न काढताच घरी गेले.

आता मी विजेच्या सामानाच्या आवारात पडलो आहे, पुन्हा आडवा. झाडावर जळणं अजून गेलेलं नाही, खोटं कशाला बोलू? शिवाय हल्ली त्या प्रतिबिंबावरही जळतो. ते वर्षभर लोकांच्या भिंतीवर दिमाखात राहणार, आणि खरा मी इथे गंजत. पण एक सांगतो. त्या पाण्यात मी पुढे आहे आणि कौहा माझ्या मागे.

म्हणून मित्रांनो, फोटो खुशाल सजवा. आभाळ निळं करा, झाडं हिरवी करा. पण तुमच्यासाठी उन्हापावसात उभ्या राहिलेल्या कोणाला पुसायला बसाल, तेव्हा आधी त्याच्याकडे एकदा नीट बघा. आणि तरीही पुसायचंच असेल, तर एवढी दया करा, पाण्यात बघायला विसरा.