तिला सोडून सगळ्यांना ठाऊक होतं

चाकांची खुर्ची परत करायला दाभण दवाखान्यात गेली, तेव्हा तिच्या नवऱ्याला जाऊन सतरा दिवस झाले होते.

दाभण हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती खुर्च्या आणि सोफ्यांच्या गाद्या शिवायची, आणि तिची जीभ हातातल्या जाड सुईइतकीच टोकदार होती, म्हणून लग्नानंतर महिन्याभरातच नवऱ्याने ते नाव ठेवलं आणि पुढे सगळ्यांनी उचललं. नवरा सुतार. लाकडी सांगाडा तो करायचा, गादी ती चढवायची. "हाडं माझी, मांस हिचं," तो गिऱ्हाइकांना सांगायचा, "तुम्ही फक्त बसायचं काम करा."

खुर्ची ताब्यात घेताना नर्स हळहळली. "काय धीराचा माणूस हो! पहिल्याच दिवशी सगळं ऐकून घेतलं, शांतपणे विचारलं, 'किती महिने?' डॉक्टर म्हणाले, पाच, फार तर सहा. तर हे म्हणतात, 'बरं. पण बायकोला कळू द्यायचं नाही, ती फार हळवी आहे.'" मग तिचं लक्ष दाभणच्या चेहऱ्याकडे गेलं. "नंतर सांगितलं असेलच ना तुम्हाला?"

"सांगितलं की," दाभण म्हणाली. असलं धडधडीत खोटं ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. "त्या दिवशी त्यांच्याबरोबर कोण होतं?"

"त्यांच्या आई होत्या. आणि एक पांढऱ्या केसांच्या बाई. सारख्या डोळे मिटून बसल्या होत्या."

पांढऱ्या केसांच्या बाई म्हणजे दाभण रोज जायची त्या प्रार्थनेच्या खोलीतल्या बाई. दुसऱ्या कुणी असणं शक्यच नव्हतं.

दाभण चालत निघाली. नवऱ्याने तिला सांगितलं होतं की पोटात जखम आहे, औषधाला वेळ लागेल, वजन उतरेल, पण माणूस ठणठणीत होईल. आणि ती ते मानून बसली होती! जेवण नको म्हणाला की ती त्याच्यावर खेकसायची. "नखरे पुरे. असं चिमणीसारखं खाल्लंत तर रंधा कोण मारणार, मी?" तो बिचारा दोन घास गिळायचा आणि ती उठून गेली की ओकून टाकायचा. हे आत्ता, रस्त्याच्या मधोमध, तिला उमजलं.

पण त्याहून वाईट होती ती नवी खोली. दोन गल्ल्या पलीकडे मोठी, भरपूर उजेडाची जागा त्याने कामासाठी घेतली होती. "मी बरा झालो की तिकडेच हलू. तू रोज दुपारी जाऊन रंगाचं बघ," तो म्हणाला होता. दाभणने भिंती खरवडल्या, भेगा बुजवल्या, रंगाचे दोन हात दिले. तो एकदा रिक्षातून येऊन पाहून गेला, म्हणाला, "हिरवा जरा गडद झाला, नाही?" तिने त्याला चार शब्द ऐकवले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. शिडीवर उभी राहून ती चक्क गुणगुणायची. दुपारीच त्याला कळा येत असणार. म्हणून दुपारीच तिला बाहेर धाडलं जायचं. पाच महिन्यांच्या सगळ्या दुपारी त्याने तिच्या हातात ब्रश देऊन काढून घेतल्या होत्या.

घरी सासूबाई खिडकीशी बसून शेंगा सोलत होत्या.

"आई, तुम्हाला माहीत होतं?"

म्हातारीने 'काय माहीत होतं?' असं विचारलं नाही. हातातली शेंग तिने ताटात ठेवली. "होतं."

"पाच महिने एका ओट्याशी उभं राहून भांडी घासली आपण!"

"त्याने माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली. पोटचा पोर मरायला टेकलेला, त्याची शपथ कशी मोडू?"

"आणि मी कोण? शेजारीण?"

सासूबाई पुन्हा शेंगा सोलू लागल्या. दाभणने त्या संध्याकाळी स्वयंपाक केला, ताट वाढलं, पण एक शब्द बोलली नाही. बडबड्या माणसाचं गप्प राहणं घरातल्यांना फार लागतं. म्हातारीने दोनदा पाणी मागितलं, ते केवळ तिचा आवाज कानावर पडावा म्हणून. दाभणने पाणी दिलं, आवाज दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती प्रार्थनेच्या खोलीत गेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी ही खोली सुरू केली होती. वीसेक माणसं यायची, अर्धा तास गप्प बसायची आणि मग बाई दोन शब्द बोलायच्या. ती माणसं निघून जाईपर्यंत दाभण दाराशी उभी राहिली. बाई सतरंजी गुंडाळत होत्या.

"बाई, मी तुमच्यासमोर बसून रोज काय मागत होते, आठवतं?"

बाईंचे हात थांबले.

"त्याला बरं करा, एवढंच मागत होते. आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचात, आशा सोडू नकोस, तुझी हाक वर पोचते. जे मिळणारच नाही हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं, तेच तुम्ही मला मागायला लावलंत. का?"

"तुझ्यावर दया येत होती गं," बाई म्हणाल्या. "त्याने हात जोडले. म्हणाला, तिचे पाच महिने तरी सुखाचे जाऊ देत. मला वाटलं, करुणा म्हणतात ती हीच."

"सुखाचे गेले ना! मी सुखात भिंती रंगवत होते आणि तो एकटा भिंतीकडे तोंड करून कळा सोसत होता. ही कुणावरची करुणा, बाई? माझ्यावरची? त्याच्यावरची?"

बाई सतरंजीच्या गुंडाळीवरच बसल्या. या वेळी त्यांनी डोळे मिटले नाहीत, हे दाभणला जाणवलं.

"खरं सांगू?" त्या म्हणाल्या. "माझ्यावरची. तू इथे रडली असतीस. मला विचारलं असतंस, असं का? आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतकी वर्षं लोकांना शिकवते, पण त्या एका प्रश्नाला मी घाबरते. तू हसत आलीस की मला बरं वाटायचं. आशा तुला दिली, पण सोय माझी केली. मला क्षमा कर."

"आज नाही," दाभण म्हणाली. "पुढचं मला माहीत नाही. आज तर नाहीच."

"बरोबर आहे तुझं."

"आणि बाई, उत्तर मला नकोच होतं. तुम्ही 'मला माहीत नाही' म्हणाला असतात आणि शेजारी बसला असतात, तरी पुरलं असतं."

 घरी येऊन ती नवऱ्याच्या कामाच्या बाकाशी उभी राहिली आणि रंधा, करवत, पटाशी असं एकेक हत्यार त्याच्या नावाने आपटत राहिली. "लबाड! मला हळवी म्हणतोस? स्वतः भित्रा होतास!" म्हातारी दारात येऊन पाहत राहिली. तिने अडवलं नाही. सगळं आपटून झाल्यावर म्हातारी पुढे आली आणि वाकून खाली पडलेली पटाशी उचलू लागली. तिला उठता येईना. दाभणने दंड धरून तिला वर घेतलं, तेव्हा कळलं की म्हातारी सगळ्या अंगाने हुंदके देतेय आणि आवाज मात्र अजिबात नाही.

"हे असं कुठून शिकलात?" दाभणने विचारलं.

"न्हाणीघरात. नळ सोडून रडायचे. तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

तेव्हा पहिल्यांदा दाभणच्या ध्यानात आलं की त्या एका शपथेने घरातली तिन्ही माणसं तीन कोपऱ्यांत कोंडली होती. राग काही गेला नाही. पण तिने म्हातारीला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, "आता रडा मोठ्याने." मग दोघीही रडल्या. शेजारीण डोकावली तेव्हा दाभणने तिला "काही नाही, आमचं रडायचं चाललंय" असं सांगून दार लावून घेतलं.

त्यानंतर दोन महिन्यांनी सासूबाईंना धाप लागू लागली. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी दाभणला बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणून सांगितलं की हृदय फार थकलंय, या वयात मोठं काही करता येणार नाही. "वर्ष निघेल, कदाचित कमीही. आजींना इतक्यात सांगू नका. उमेद खचते."

दाभण बाकड्याकडे परत आली. म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली होती. वरवर ती बाहेरच्या झाडाकडे पाहत होती, पण कान इकडेच होते.

खोटं किती सोपं असतं, हे दाभणला तेवढ्या आठ-दहा पावलांत कळलं. शब्द तयारच होते, अशक्तपणा आहे, टॉनिक दिलंय. म्हातारीचा सुरकुतलेला चेहरा बघून ते ओठांवर आलेसुद्धा. नवऱ्याच्या तोंडून ते कसे निघाले असतील, हे तिला त्या घटकेला अगदी आतून समजलं. समजलं म्हणून माफ झालं, असं मात्र नाही.

ती शेजारी बसली. म्हातारीचा हात हातात घेतला.

"आई, हृदय थकलंय. वर्षभर, किंवा कमी. औषधाने धाप कमी होईल, पण बरं होणार नाही."

सासूबाईंनी मोकळ्या हाताने मांडीवरची पिशवी जवळ ओढली. मग म्हणाल्या, "भीती वाटते गं."

"मलाही वाटते."

"तू जाणार नाहीस ना कुठे? दुपारची?"

"कुठेही नाही. काम तुमच्या खोलीत आणेन. तुम्ही झोपा, मी तुमच्या उशाशी बसून शिवेन. टाके वाकडे पडले तर शिव्या घाला."

म्हातारी हसली आणि लगेच खोकली. दाभणने तिची पाठ चोळली. नवऱ्याचा राग अजून छातीत तसाच होता, बाईंच्या खोलीकडे ती पुन्हा फिरकली नव्हती, आणि प्रार्थनेत काय मागायचं हे तिला आता ठाऊक नव्हतं. तरी बाकावर बसल्या बसल्या तिने डोळे मिटले. काही मागितलं नाही. हातातल्या हाताची नाडी धडपडत, अडखळत चालली होती, तीच ती ऐकत राहिली.

मग म्हातारी म्हणाली, "चल, भूक लागली," आणि दोघी उठल्या.