समाजमंदिरातली निळी ताडपत्री

चपला बाहेर काढा, मगच माझ्यावर पाय ठेवा. मी ताडपत्री बोलतेय, आणि जरा रागातच बोलतेय.

माझं तरुणपण धरमतरच्या खाडीकाठी गेलं. मिठाच्या राशी झाकायच्या आणि वाऱ्याशी भांडायचं. मिठागर बंद पडलं तसं तिथे राबणाऱ्या काशीबाईने मला घरी नेलं. मग कधी भाताचा पेंढा झाकला, कधी लग्नाच्या पंगतीखाली पसरले. पुढे माळ्यावर उंदरांच्या स्वाधीन.

तिथून मी खाली उतरले ते रंभामुळे. ही रोह्याची मुलगी, योग शिकलेली, आमच्या गावात सून म्हणून आली. तिने समाजमंदिरात बायकांचा सकाळचा वर्ग काढला. रोज काशीबाई मला तिथे अंथरायची आणि वर्ग संपला की घरी न्यायची. आमच्याकडे घरोघरी बायका पेणच्या गणपतींना रंग देतात. दिवसभर वाकून ब्रश चालवायचा, मग मान आणि पाठ टिकणार कुठून?

वर्गाची शान म्हणजे बायजाबाई. वय सत्तरीच्या पुढे, जीभ मात्र धारदार.

"गो रंभा, श्वास घेऊ का सोडू ते एकदा ठरव. मी मघापासून धरून ठेवलाय!"

वर्गाला पहिल्यांदा आली तेव्हा बायजाबाईला खाली बसवायलाही माणूस लागायचं. हळूहळू ती माझ्यावर हात टेकून एकटी उठू लागली.

आणि होळीनंतर एका सकाळी समाजमंदिराला कुलूप! आत हिरामणच्या कच्च्या मूर्ती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. हा मूर्तींचा कारखानदार, बायका मजुरीवर रंगवतात त्या मूर्ती ह्याच्याच, आणि गावाच्या समाजमंदिराची किल्लीही ह्याच्याच खिशात. कोणी दिली? कोणी विचारलंच नव्हतं.

"मैदानात करा की," हिरामण म्हणाला.

"डोलवीच्या कारखान्यात शिफ्टला जाणारे बाप्ये बघत ऱ्हातील. तू करशील तिथं पाय वर?" काशीबाई.

"जन्मभर राबलेल्या बायांना व्यायाम कशाला गो?"

"राबलो म्हणूनच मोडलो ना, मेल्या!" बायजाबाई.

कुलूप काही उघडलं नाही. घरी एकटीने कोण करतंय? बायजाबाई पुन्हा आखडली. खाली बसलो तर उठवणार कोण, या धास्तीने ती जमिनीवर बसेनाशी झाली. खाटेवरच जेवू लागली.

ते बघून काशीबाई पेटली. तिने मला थेट हिरामणच्या अंगणात पसरलं. एकेक बाई घरातून बिनरंगाच्या मूर्ती घेऊन आली आणि माझ्यावर मांडून गेली. मजुरी बुडत होती, तरी एकही मागे राहिली नाही.

"परवा मुंबईचा टेम्पो येणार हाय गो!" हिरामण ओरडला.

"येऊ दे. पांढरेच बाप्पा भर त्यात." काशीबाई.

तेवढ्यात त्याची बायको मैना आतून आली. तिने खुंटीवरच्या सदऱ्यातली किल्ली काढून काशीबाईच्या हातात ठेवली. नवऱ्याला म्हणाली, "मलाबी पाठ हाय. मूर्ती आपल्या पडवीत आणा."

आता समाजमंदिरात पुन्हा वर्ग भरतो, आणि हिरामण पडवीत मूर्तींमधून अंग चोरत फिरतो. माझी एक कड फाटलीये, रंग उडालाय. पण काल बायजाबाई माझ्यावर मांडी घालून बसली आणि रंभाने पुढे केलेला हात झटकून उठली. तिच्या तळव्याखाली मी जमिनीला घट्ट धरून होते.

माझं काय, आणखी दोन उन्हाळे निघतील. तुम्ही एवढंच करा, तुमच्या गावच्या समाजमंदिरात काय भरून ठेवलंय ते बघून या. कुलूप दिसलं, तर किल्ली कोणाकडे आहे ते चारचौघांत विचारा. मोठ्याने.