सातचा पत्रा

लंबूनं फळीवर दोनदा ठोकलं. पेंटरनं खिळ्यावरून एकचा पत्रा उतरवला, ढिगात हात घालून तीनचा काढला आणि टांगला. बाहेर धावफलकावर एकशे त्र्याऐंशी झाले.

या धावफलकाच्या पोटात दोघांची बारा वर्षं गेली होती. लंबू इतका उंच, की शिडीनं त्याच्यापुढे मान खाली घालावी. पेंटर इतका बुटका, की शिडीलाच त्याची दया यावी. एक एका देशाचा, दुसरा त्याच्या शेजारच्या. दोन्ही देशांनी एकमेकांच्या अंगणात पाऊल न ठेवण्याची शपथ घेतलेली, म्हणून त्यांचे सामने या तिसऱ्याच मुलखात व्हायचे. मैदानाच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला होता: ज्यानं त्यानं दुसऱ्याच्या देशाच्या धावा टांगायच्या. आपल्या ताटात आपणच वाढून घ्यायचं नाही.

गेल्या हिवाळ्यापासून मात्र पेंटरला मैदान म्हणजे नुसता हिरवा धूर दिसत होता. साहेबांना कळलं असतं तर त्याला घरी पाठवलं असतं, आणि घरी वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. जे होतं ते या फळ्यांमागे. म्हणून लंबू फटीतून बघायचा, जितक्या धावा तितक्यांदा ठोकायचा, आणि पेंटर बोटांनी पत्रा ओळखायचा. आकडे त्याच्याच हातचे. रंगाचे थर एवढे जाड, की लंबू म्हणायचा, अंधारात माणूस तुझ्या सातला अडखळून पडेल.

मालिका एक-एक अशी अडकलेली. शेवटचा सामना, शेवटचा चेंडू.

“किती हव्यात तुम्हाला?” पेंटरनं विचारलं.

“चार. गप बस.”

“जिंकलात तर तुझं घोरणं महिनाभर मुकाट्यानं ऐकेन.”

चेंडू बॅटवरून सुटला तो गवत कापतच. त्या वाटेवर पुढे दोन महिने गवत उगवलं नाही, असं लंबू अजून शपथेवर सांगतो. चेंडू दोरीपर्यंत पोचायला हातभर उरला आणि लंबूच्या हाताला धीर निघेना. टक, टक, टक, टक.

पेंटरनं तीनचा उतरवून सातचा टांगला. त्याच क्षणी एका क्षेत्ररक्षकानं पालथी उडी घेऊन चेंडू अडवला. धावा निघाल्या दोन.

फलकावर विजय, मैदानात हार. अर्धे लोक नाचत होते, अर्धे फलकाकडे मुठी उगारत होते. लंबूनं धावत जाऊन सात ओढला, पाच लावला. पण तोवर साहेब धापा टाकत शिडी चढून आले होते.

“सात कुणी टांगला?”

पेंटरनं तोंड उघडलं. लंबूनं आपला होडीएवढा पाय त्याच्या पायावर ठेवला.

“मी, साहेब. याच्या हातातून हिसकावला. आपली माणसं जिंकताना दिसली, राहवलं नाही.”

बारा वर्षांत त्यानं एक धाव इकडची तिकडे केली नव्हती. आता दोन्ही देशांची माणसं त्याला लबाड म्हणणार होती, आणि त्याच्याच देशाची जरा जास्त. छताला लागणारं त्याचं डोकं पहिल्यांदाच खाली आलं.

साहेबांनी सातचा पत्रा उचलला. उलटापालटा केला. मग त्या जाड रंगावरून सावकाश बोट फिरवलं.

“तुझ्या हाताचा भरवसा नाही,” ते लंबूला म्हणाले. “उद्यापासून पत्र्याला हात लावायचा नाही. दोन्हीकडच्या धावा हाच टांगेल. तू फक्त बघायचं, आणि याला आकडा सांगायचा.”

पेंटर भिंतीकडे तोंड करून पत्रे रचू लागला. रचलेलेच पुन्हा रचू लागला.

साहेब दोन पायऱ्या उतरून थांबले.

“आणि तोंडानं सांग. तुमची ती ठोकाठोक सहा महिने झाले, माझ्या खोलीपर्यंत ऐकू येते.”