कतारला गेलेला मादल

मी मादल बोलतोय, म्हणजे नेपाळची ढोलकी. मला दोन तोंडं आहेत, तेव्हा थोडं जास्त बोललो तर सांभाळून घ्या. आतून पोकळ आहे, म्हणून माझ्या मताला किती वजन द्यायचं तेही तुम्हीच ठरवा.

नेपाळातल्या लमजुंगच्या डोंगरात एका कारागिरानं खोड कोरून मला घडवलं, कातडं मढवलं, शाई लावली, वाद्या ताणल्या. जत्रेत खिमबहादूर गुरुंगनं मला विकत घेतलं. आमच्या जत्रेत पोरं एका बाजूला, पोरी दुसऱ्या बाजूला बसून गाण्यातून भांडतात. एकानं चरण टाकायचा, दुसऱ्यानं लगेच उत्तर द्यायचं. नाही सुचलं की हरलात. ही दोहोरी. त्या दिवशी खिमबहादूर ओमसरापुढे हरला आणि पुढच्या हंगामात तिचा नवरा झाला. थाप माझी होती, म्हणून थोडं श्रेय मीही घेतो.

मग खिमबहादूरचं कामासाठी कतारला जायचं ठरलं. जाणाऱ्यांसाठी शिकवणीचा वर्ग असतो. ओमसराही लेकीला कडेवर घेऊन नवऱ्याबरोबर गेली. घरी आल्यावर तिनं सासूपुढे सगळी नक्कल करून दाखवली.

"हेल्मेट, करार, सगळं शिकवलं, आमा. शेवटी बाईंनी विचारलं, 'तिकडे मन जड झालं तर कुणाला सांगाल?' झालं! एक म्हणाला, 'मन इथंच ठेवून जाणार, बाई.' आणि आमचा म्हातारा सगळ्यांत मोठ्यानं हसला."

म्हातारा म्हणजे पंचविशीतला खिमबहादूरच. आमच्याकडे नवराबायको एकमेकांना अशीच हाक मारतात.

ओमसरा मात्र हसली नव्हती. बॅग भरताना तिनं पोह्यांची पिशवी बाहेर काढली आणि मला आत कोंबलं.

"अगं म्हातारे, मी कामाला चाललोय की वरातीला?"

"दर शुक्रवारी फोनवर दोहोरी व्हायची. बोलताना तू बेमालूम खोटं बोलतोस. गाताना तुला जमत नाही."

तिकडे थंड हवेच्या यंत्रानं माझं कातडं असं ताणलं, की वरच्या पलंगावरचा पदम राई म्हणाला, "भाई, मादल आणलायस की मांजर?" पण शुक्रवारी खोली भरायची. सुट्टीच्या दिवशी कपडे वाळत घालता घालता सगळे ताल धरायचे.

एक गोष्ट मात्र ओमसराच्याही लक्षात आली नव्हती. आमच्या गावात परदेशचा फोन एकट्याचा नसतो. तो अंगणात मोठ्या आवाजावर लावतात आणि आमा, काका, शेजारणी सगळ्या गोळा होतात. एवढ्या लोकांत मनातलं कोण बोलणार? इकडून "ठीक आहे", तिकडून "ठीक आहे". लेकीचा ताप कतारला कळला नाही, आणि खिमबहादूरची उडालेली झोप गावाला.

उन्हाळा चढला तसा तो भिंतीकडे तोंड करून पडू लागला. ताट अर्धं टाकायचा. विचारलं की म्हणायचा, "उकाडा आहे." शुक्रवारी मला मांडीवर घ्यायचा, थाप द्यायचा, पण गाणं नाही. माझा जीव टांगणीला. तसा तो लवकरच लागतो म्हणा, मी टांगलेलाच असतो.

एका शुक्रवारी ओमसरानं चिमटा काढला:

"कतारच्या उन्हात म्हाताऱ्या, रंग तुझा गेला काय?
मागच्या वेळचं उत्तर राहिलं, उंटानं ते नेलं काय?"

थाप चालू, उत्तर नाही. अंगणात टाळ्या पडल्या. "हरला! हरला!"

"गप्प बसा गं," ओमसरा म्हणाली. "म्हाताऱ्या, थाप थांबवू नकोस. घाई नाही. मी आहे इथं."

तो वाजवत राहिला. मग फाटक्या आवाजात आलं:

"पगार येतो, पोट भरतं, दुखायला तसं काही नाही,
छातीवरती धोंडा बसलाय, ऊठ म्हटलं तर उठत नाही."

मी घाबरलो, आता कुणीतरी फोन ठेवणार. पण एक आवाज आला. आमाचा! जन्मात चारचौघांत न गायलेल्या आमाचा:

"तुझा बाप दूर होता, माझ्याही उरी होता धोंडा,
शेजारणीपाशी रडले तेव्हा उडून गेला जसा कोंडा."

"आणि माझा पदर भिजवला तो वेगळाच!" शेजारीण ओरडली.

खिमबहादूर हसायला लागला आणि हसता हसता रडला, तेही माझ्या कातड्यावर. पाणी मला मुळीच चालत नाही. त्या दिवशी तक्रार केली नाही.

पदम राई पलंगावरून खाली उतरला. "गाढवा, असला धोंडा माझ्याकडेही आहे. मला वाटायचं, खोलीत मी एकटाच."

दोघं मिळून डॉक्टरकडे गेले. एका भेटीत कोण बरं होतं? गोळ्या झाल्या, बोलणं झालं, पुन्हा जाणं झालं. आता खिमबहादूर झोपतो, आणि डाळीत मीठ कमी म्हणून भांडतो. ओमसरा आधी फोन घेऊन परसात जाऊन एकटी त्याच्याशी बोलते. अंगणाची पाळी नंतर.

माझ्या एका तोंडाची कातडी पुडी फाटली आहे, चिकटपट्टीवर चाललंय. तक्रार नाही. तुमच्या घरातलं कुणी दूर निघालं असेल तर एवढंच करा: मन जड झालं तर ते कुणाला, कसं सांगायचं, हे घरीच बसून ठरवा. विमानात बसल्यावर ते सुचत नाही.

चला, थांबतो. पदम राईनं मला मांडीवर घेतलंय. आज घरच्यांशी त्याची पहिलीच दोहोरी आहे. हात जड आहे त्याचा, आणि बायको म्हणे भलतीच तिखट आहे.