सीट मुरली, पण कुणाला?

तर झालं असं, की स्वरूपाकडे सायकलच्या दोन सीटा होत्या, दोन्ही चामड्याच्या, आणि रविवारच्या तीनशे किलोमीटरच्या राइडला त्यातली एकच लावायची होती.

पहिली वाकडच्या मुकुंददादाची. माणूस आयटीतला, पण त्या सीटवर चौदा हजार किलोमीटर मारलेले. चामड्याला मऊ, चकचकीत असे दोन खड्डे पडलेले. त्याने नवी घेतली आणि ही हिला दिली. अख्खा सायकल ग्रुप म्हणाला, नशीबवान आहेस, चामडं मुरायला हजार किलोमीटर जातात, तुला आयतंच मिळालं. आणि मागच्या महिन्यात त्याच सीटवरून ती एकशे चाळीसलाच उतरली. पायात दम होता, छातीत दम होता, पण बसवेना. सायकल टेंपोत टाकून घरी. एवढ्या मुरलेल्या सीटवर दुखतंय म्हणजे खोट आपल्यातच, आपलं शरीरच लांब पल्ल्याचं नाही, असं तिच्या मनाने घेतलं. या वेळीही उतरावं लागलं तर सायकल विकायची, ठरलेलं.

दुसरी सीट दुकानातली. कोरी, कडक आणि चांगली रुंद. दुकानदाराने गुरुवारपर्यंत बघायला दिलेली. ग्रुपने तिचं नाव सोफा ठेवलं.

आता स्वरूपा भोसरीच्या एका टूलरूममध्ये डाय फिटिंग करते. डायचे, म्हणजे साच्याचे, दोन भाग एकमेकांवर नीट बसतात का, ते बघायला एकावर निळा रंग पातळ पुसायचा आणि दुसरा त्यावर दाबायचा. निळं जिथे उठलं तिथे टेकतंय, बाकी पोकळ. दिवसभर हेच. बुधवारी डबा खाता खाता तिच्या डोक्यात आलं, अरे, आपण स्वतः नेमकं कुठे टेकतो? आणि ही बया सरळ सरफेस प्लेटला निळं फासून तिच्यावर बसायला निघाली.

सरफेस प्लेट म्हणजे तो भला मोठा सपाट काळा दगड, सगळी मापं त्याच्यावर घेतात. त्यावर कुणी नुसता चहाचा कप ठेवला तरी लक्ष्मणराव, म्हणजे तिथले सगळ्यात जुने फिटर, दिवसभर त्या माणसाशी बोलत नाहीत. त्यांनी हिला एक गुडघा वर टेकलेला असतानाच पकडलं. तिने उतरून, मान खाली घालून, एकशे चाळीसपासून सगळं सांगितलं. लक्ष्मणरावांनी आधी फडक्याने दगडावरचं निळं पुसलं. मग म्हणाले, "पोरी, तीनशे काय दगडावर बसून जायचंय व्हय? ज्याच्याशी जुळवायचंय, त्यालाच निळं लाव की."

मग काय, शिफ्ट सुटल्यावर पार्किंगमध्ये प्रयोग. आधी मुकुंददादाची सीट. तिच्यावर पातळ प्लास्टिक ताणलं, वर निळं, अंगात जुनी पांढरी सलवार, सायकल भिंतीला टेकवलेली, आणि उलटे पेडल वीस वेळा. लक्ष्मणराव सभ्यपणे पाठ करून उभे, पण दर मिनिटाला झालं का म्हणून विचारतायत.

ती उतरली आणि बघतच राहिली. त्या दोन खड्ड्यांतलं निळं जसंच्या तसं. पुसलं गेलं होतं ते मधल्या उंचवट्यावरून आणि खड्ड्यांच्या बाहेरून, पार कडेला. चामडं मुरलं होतं, चांगलं मुरलं होतं, पण मुकुंददादाला. हिची बसायची हाडं त्याच्यापेक्षा दोन्हीकडे बोटभर बाहेर.

घाईघाईने तिने पिशवीतला सोफा काढून लावला. परत प्लास्टिक, परत निळं, परत वीस पेडल. या वेळी दोनच जागा पुसलेल्या, गोल, दोन्ही सारख्या, आणि मधलं निळं हललेलंसुद्धा नाही. तिने लक्ष्मणरावांना वळून बघायला सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, वाकून डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं.

"जुळलं," ते म्हणाले.

टूलरूममध्ये हा शब्द त्यांच्या तोंडून वर्षात दोनदा निघाला तरी खूप. तिने तरी विचारलंच, चामडं कडक आहे, रविवारपर्यंत मऊ कसं होणार?

"मऊ व्हईल तवा व्हईल. टेकायचं तिथं टेकलंय न्हवं?"

सलवार गेली ती गेलीच. गुरुवारी तिने दुकानात पैसे भरले, रविवारी पहाटे निघाली आणि साडेअठरा तासांनी तीनशे पुरे करून परत आली. राइड संपायच्या जागी मुकुंददादा उभा होता. त्याने काळजीने विचारलं, कुठे कुठे दुखतंय. ती म्हणाली मान, दोन्ही मनगटं, उजवा गुडघा. तो पुढचं ऐकायला थांबला.

पुढे काही नव्हतं.